सिंगापूरची ट्रायल

"रविवार, ११ जानेवारी २०२६. थंडी. नाश्त्याला उपमा. आज रविराज मला सिंगापूरसाठी तपासून घेणार."

एवढं लिहून कुसुमताईंनी पेनाला टोपण लावलं आणि बुटांच्या नाड्या आवळल्या. कॉन्व्हेंटातल्या सिस्टरांनी डायरीची सवय लावली ती लावलीच. यजमान गेले त्या दिवशीचंही पान कोरं नव्हतं. तेच यजमान जन्मभर म्हणायचे, "कुसुम, एकदा सिंगापूर बघू."

मुलगा रविराज चाकणच्या कंपनीत क्वालिटीला. ट्रायलशिवाय काही पास करायचं नाही, हा त्याचा धर्म. योगिनीला बघायला गेला तेव्हासुद्धा त्याने चहा दोनदा मागितला होता. पहिला म्हणे सॅम्पल.

"आई, तिथे दिवसभर पायपीट. सामानासकट बागेला एक फेरी मार. जमलं तर आमच्याबरोबर तुझंही तिकीट काढतो, नाहीतर चार दिवस चऱ्होलीला मावशीकडे."

मावशीकडे म्हणजे सकाळ-संध्याकाळ गुडघेदुखीचं पुराण. कुसुमताईंनी नाड्यांना आणखी एक गाठ मारली.

वजन खरं हवं म्हणून रविराजने बॅगेत गव्हाच्या पिठाची पिशवी कोंबली.

"अहो, महिन्याचं पीठ आहे ते!" योगिनी ओरडली.

"लोड टेस्ट आहे."

तिघं बॅगा घेऊन जिना उतरली, तर खाली शेजारच्या विजयश्री वहिनी. बॅगा दिसताच त्यांनी कपाळावर हात मारला. "अगंबाई! निघालात? आणि सांगितलं नाही!" पळत वर जाऊन त्या दही-साखर घेऊन आल्या. पाठोपाठ अख्खी बिल्डिंग. कुणी लसणाची चटणी दिली, कुणी मानेची उशी.

"वहिनी, अहो ही नुसती..." रविराजने तोंड उघडलं, तोच कुसुमताईंनी तळहात पुढे केला आणि दही चाटून टाकलं.

"हातावर दही पडलं. आता लगेच मागे फिरायचं नाही," त्या ठामपणे म्हणाल्या.

पंचाईत झाली. सगळे शेजारी खाली खुर्च्या टाकून उन्हाला बसलेले. आता कुठल्या तोंडाने परतायचं? बाग झाली. मग मेट्रोने पिंपरीला. बाजारात कुसुमताई पुढे, रविराज पीठ ओढत मागे. दुपारपर्यंत बॅगेचं एक चाक निखळलं. मग त्याने बॅग डोक्यावर घेतली. पिशवी आतल्या आत फुटली आणि चेनच्या फटीतून त्याच्या केसांवर पीठ भुरभुरायला लागलं. भेळवाला म्हणाला, "काका, पाणी देऊ का?"

"आई, बसू या ना जरा," रविराज कण्हला.

"सिंगापुरात असं बसत बसत फिरणार का रे?" कुसुमताईंनी विचारलं आणि भेळेत कांदा वाढवून घेतला.

दिवेलागणीला तिघं चोरपावलांनी परतली. विजयश्री वहिनी तिथेच उभ्या होत्या.

"इतक्यात आलात?"

"परीक्षा होती," कुसुमताई म्हणाल्या. "मी पास. हा नापास."

"मग आता हो?"

रविराज पायरीवर बसून बूट काढत होता. टाचेला फोड आलेला. सगळी बिल्डिंग त्याच्याकडे बघत होती. "आईचं तिकीट काढतो," तो पुटपुटला.

"आणि तू?" योगिनीने विचारलं. "चऱ्होलीला?"

पायरीवर बसल्या बसल्याच त्याने तिघांची तिकिटं काढली. कुसुमताई वर गेल्या. रात्री सगळी कामं आवरून त्यांनी हात धुतले आणि डायरी उघडली.

"पीठ चाळून डब्यात भरलं. चार दिवस दूध नको, असं दूधवाल्याला सांगितलं."