समुद्रगायीची जादा बरगडी

सौदीत, तबूकला चार माणसं चहाला बसली की किस्से आपोआप जमतात. त्यात आमचं काम म्युझियमचं. जर्मनीतल्या एका म्युझियमने प्रदर्शनासाठी मेलेली जनावरं उसनी पाठवली होती, आणि ती मांडायला आम्ही दोघे कोकणी: दापोलीचे सुतार उस्मानभाई आणि मी, मालवणचा एसीवाला.

उस्मानभाईंचं गुरुवारचं विमान होतं. रविवारी लेकीचा निकाह. पण पेट्यांबरोबर आलेल्या जर्मन डॉक्टरबाई यादी तपासून सही करत नाहीत, तोवर मॅनेजर सुट्टीचा कागद सोडणार नव्हता.

*

पेंढा भरलेल्या हरणाच्या हॉलचं तापमान जराही हलता कामा नये, अशी ऑर्डर होती. कामगारांच्या कॅम्पात आमच्याच खोलीचा एसी तीन आठवडे बंद. कम्प्लेंट केली, तर कळलं, माणूस मोकळा नाही. तो माणूस मीच! हरणापाशी बसलो होतो.

*

मग बरण्या आल्या. स्पिरिटमधले तांबड्या समुद्रातले मासे, वर लॅटिन नावं. उस्मानभाई लांबूनच म्हणाले, "हा बांगडा." डॉक्टरबाई चकित. कसं ओळखलंत, म्हणून विचारलं. मी इंग्रजीत सांगितलं, यांनी खाल्लाय. बाईंनी लगेच वही काढून बांगड्याच्या तिरफळ घातलेल्या तिखल्याची रेसिपी लिहून घेतली. शंभर वर्षं जपलेल्या माशाकडे त्या नंतर जरा वेगळ्याच नजरेने बघायच्या.

*

हरणाचा एक कान फाटका होता. उस्मानभाई म्हणजे कामसू माणूस, गोंद घेऊन निघाले. बाई धावत आल्या! कानाची फाट यादीत होती, फोटोसकट. फाटका कान फाटकाच परत गेला पाहिजे. त्या दिवसापासून उस्मानभाई यादीला जाम घाबरायचे.

*

आणि मंगळवारी त्यांनी समुद्रगायीचा, म्हणजे समुद्रातलं गवत चरणाऱ्या त्या थोराड जनावराचा, सांगाडा उभा केला. प्रत्येक बरगडीला स्टँडवर एक क्लिप. शेवटी डावीकडची एक क्लिप रिकामी राहिली.

आम्ही पेटी उलटी केली, फोमचा तुकडा न् तुकडा चाचपला, कचऱ्याचा डबा उपसला. बरगडी नाही. पेटी उघडली होती उस्मानभाईंनी. ते तिथंच जमिनीवर बसले.

"ही बाय सही करणार नाय," ते म्हणाले. "माझ्याबिगर लेकीचा निकाह होनार."

मला फार वाईट वाटलं. खरं सांगून टाकू, म्हणालो, पण त्यांचं लक्ष एव्हाना पेटीच्या झाकणाकडे गेलं होतं. त्यातली एक फळी त्यांनी काढली आणि दुपारभर तासली. कोऱ्या चहात ती बुडवून ठेवायचं काम माझं. संध्याकाळी क्लिपमध्ये बसवली, तर मलाच खरी कुठली ते कळेना.

बुधवारी डॉक्टरबाई यादी घेऊन आल्या. उजवी बाजू मोजली. डावी मोजली. परत मोजली. मग चष्मा पुसून तिसऱ्यांदा मोजली.

"एक जास्त आहे," त्या म्हणाल्या.

ती बरगडी म्हणे सांगाडा त्यांच्याकडे आला तेव्हापासूनच नव्हती; स्टँड तेवढा पुऱ्या मापाचा केलेला. यादीत स्पष्ट लिहिलं होतं, पण यादी होती फक्त बाईंच्या हातात! उस्मानभाईंनी सगळं सांगितलं, निकाहासकट, आणि मी ते जमेल तसं इंग्रजीत केलं.

बाईंनी हातमोजे घातले. बरगडी काढली, उजेडात धरली, वास घेतला. लाकूड कुठलं, एवढंच विचारलं.

"तुमच्याच पेटीच्या झाकणाचं," उस्मानभाई मान खाली घालून म्हणाले.

"म्हणजे आमचीच आहे," बाई म्हणाल्या. बरगडी जागेवर लावली, यादीत खाली एक ओळ वाढवली, उस्मानभाईंचं पूर्ण नाव विचारून घेतलं आणि सही केली. माझा जीव भांड्यात पडला. उस्मानभाई तर तिथंच रडले.

गुरुवारी ते विमानात बसले, रविवारी निकाह लागला.

प्रदर्शन संपल्यावर पेट्या परत निघाल्या. समुद्रगायीच्या पेटीच्या झाकणात एक फळी कमी होती. मी नवी ठोकायला गेलो, तर बाईंनी हात धरला आणि यादी दाखवली: झाकणात एक फळी कमी, फोटोसकट.