ऐंशीसाहेबांची बॅटरी

इमारतीत सगळे त्यांना ऐंशीसाहेब म्हणायचे, तेही तोंडावर. त्यात टिंगल आहे हे त्यांच्या कधी लक्षातच आलं नाही. उलट लोक आपल्याला एका आकड्याने ओळखतात याचा त्यांना अभिमान होता.

आकडा गाडीचा होता. निवृत्त झाल्यावर त्यांनी पेट्रोल-वीज दोन्हींवर चालणारी गाडी घेतली. पेट्रोलचं इंजिन होतंच, शिवाय घरच्या प्लगला लावून बॅटरी भरली की ती नुसत्या विजेवर पन्नास किलोमीटर जायची. गाडी आली त्याच आठवड्यात त्यांनी मोबाइलवर एका माणसाचं भाषण ऐकलं. बॅटरी ऐंशी टक्क्यांच्या वर भरू नका, विसाच्या खाली उतरवू नका, म्हणजे ती लवकर म्हातारी होत नाही, असं तो सांगत होता. तो बोलत होता निव्वळ विजेवर चालणाऱ्या गाड्यांबद्दल. तसं त्याने सुरुवातीला सांगितलंही होतं, पण साहेबांनी भाषण लावलं ते मधूनच, आणि मागे जाऊन ऐकायची गरज त्यांना वाटली नाही.

त्यांना ते लगेच पटलं, कारण ते जन्मभर तेच करत आले होते. एकतीस वर्षं ते एका कारखान्यात स्टोअरकीपर होते. कपाटातली शेवटची वस्तू कुणालाही द्यायची नाही, हा त्यांचा नियम. मशीन बंद पडून पंधरा कामगार हात बांधून उभे राहिले तरी शेवटचं बेअरिंग जागचं हलायचं नाही. "उद्या खरंच लागलं तर?" ते विचारायचे. आज खरंच लागलंय, हे त्यांना पटवणं म्हणजे दगडावर डोकं आपटणं. ते निवृत्त झाले त्या दिवशी त्यांच्या कपाटातून ज्या मशीनचे सुटे भाग निघाले, ती मशीन भंगारात जाऊन दहा वर्षं झाली होती. अशा हातचं राखून जगलेल्या माणसाला वरचे वीस राखा आणि खालचेही वीस राखा म्हणणारा गुरू भेटला, मग काय विचारता.

ऐंशी टक्के झाले की त्यांचा मोबाइल वाजायचा आणि ते हातातला घास ताटात ठेवून प्लग काढायला खाली पळायचे. एकदा मेहुणीचा फोन आला होता. तिचा नवरा सकाळीच गेला होता आणि ती बोलता बोलता हुंदके देत होती. मध्येच ऐंशी झाल्याचं वाजलं. "एक मिनिट हं," म्हणून साहेब फोन टेबलावर ठेवून खाली गेले. परत आले तेव्हा मेहुणीने फोन ठेवलेला होता. "घाईच असते हिला," ते बायकोला म्हणाले.

मग बायकोच्या किडन्या गेल्या. आठवड्यातून तीनदा, चार-चार तास डायलिसिस. हॉस्पिटल चौदा किलोमीटरवर होतं. साहेबांनी त्याच संध्याकाळी हिशेब मांडला: ऐंशीतून वीस गेले, राहिले साठ टक्के, म्हणजे तीस किलोमीटर. जाऊन येऊन अठ्ठावीस. इंजिन सुरू न होता, काटा विसाच्या खाली न जाता गाडी घरी पोचत होती. फक्त एसी लावायचा नाही. खिडक्याही चार बोटंच उघडायच्या, कारण पूर्ण उघडल्या की वारा गाडीला मागे ओढतो. आणि चाळीसच्या वर जायचं नाही.

सकाळी जाताना त्याचं काही वाटायचं नाही. परतायचे ते भर दुपारी, उन्हं डोक्यावर असताना. तिच्या अंगातलं पाणी यंत्राने नुकतंच काढून घेतलेलं असायचं, पायात गोळे यायचे, डोळ्यांपुढे अंधारी यायची. आणि प्यायला दिवसाला चार पेले पाणी, त्यातच चहा, त्यातच औषधं गिळायची. ती घरून ओला रुमाल प्लास्टिकच्या पिशवीत घालून न्यायची आणि येताना मानेवर ठेवायची. पूल येईपर्यंत तो सुकून खडखडीत व्हायचा. सीट तापलेलं असायचं. तिच्या ब्लाउजची पाठ सीटला चिकटायची आणि उतरताना सोलल्यासारखी निघायची.

"अहो, दोन मिनिटं लावता का?" ती विचारायची.

"घर आलंच," साहेब म्हणायचे. घर अकरा किलोमीटर लांब असायचं.

एका दुपारी सिग्नलला ती मान टाकून खिडकीवर कलली. साहेबांनी आधी काट्याकडे पाहिलं. सव्वीस होते. मग त्यांनी तिच्या गालावर चापट्या मारल्या, बाटलीतलं पाणी तोंडावर शिंपडलं. ती डोळे उघडून काचेवरून ओघळणाऱ्या पाण्याकडे बघत राहिली. "बघ, आलीस ना शुद्धीवर," ते म्हणाले, आणि मागच्या गाड्यांनी हॉर्न वाजवले म्हणून निघाले. नर्सने त्यांना बजावलं होतं की पेशंटला थंड ठेवा. साहेबांनी "हो, हो" म्हटलं होतं. हो म्हणायला चार्ज लागत नाही.

परगावी राहणारी लेक फोनवर भांडायची. "बाबा, आई मरेल एक दिवस त्या गाडीत." साहेब तिला बॅटरीची रसायनं समजावून सांगायचे. ती वैतागून फोन ठेवायची, आणि तोंड दाबून बुक्क्यांचा मार खायला आई तिथेच असायची.

शेवटी बायकोनेच तोड काढली. चार वर्षं झाली म्हणून गाडी कंपनीच्या वर्कशॉपमध्ये बॅटरीच्या तपासणीला जाणार होती. आदल्या दिवशी ती पलंगावर उठून बसली आणि म्हणाली, "तिथल्या लोकांना एसीचं एकदा विचारून या. ते नाही म्हणाले, तर मी परत तोंडातून शब्द काढणार नाही. पण लावा म्हणाले, तर लावायचा. चालेल?"

"चालेल," साहेब म्हणाले. उत्तर आपल्याला ठाऊकच आहे, असं त्यांना वाटत होतं.

वर्कशॉपमधली बॅटरी तपासणारी मुलगी तिशीची होती. तिने गाडीला वायर लावली, लॅपटॉपवर बराच वेळ काहीतरी वाचलं आणि म्हणाली, "चौऱ्याण्णव टक्के शाबूत आहे, काका. छान आहे."

साहेब याच क्षणासाठी चार वर्षं जगले होते. "ऐंशीच्या वर एकदाही भरली नाही," ते म्हणाले.

"का बरं?"

त्यांनी नियम सांगितला. मुलीने शांतपणे ऐकून घेतला. "काका, तो नियम ह्या गाडीत कंपनीनेच बसवलेला असतो. तुम्हाला शंभर दिसतात तेव्हाही बॅटरी आतून पूर्ण भरलेली नसते. संपली दिसते तेव्हाही थोडी उरलेली असते. तुम्ही राखलेल्यातलंच राखत बसलात." तिने शेजारच्या गाडीकडे बोट दाखवलं. "ही बघा. हीच गाडी, तुमच्याच वर्षाची, भाड्याने चालते. रोज दोनदा शंभर भरतात, दिवसभर एसी. त्र्याण्णव."

साहेबांनी त्या गाडीकडे पाहिलं. तिच्या मागच्या सीटवर बिस्किटाचा चुरा पडला होता.

"उलट तुम्ही इंजिन चालवत नाही वाटतं," मुलगी पुढे म्हणाली. "टाकीतलं पेट्रोल शिळं झालंय. मधूनमधून चालू द्या त्याला."

"आणि एसी?" साहेबांनी सहज विचारल्यासारखं विचारलं.

"एसीने चार्ज लवकर संपतो, बाकी काही नाही. संपला तर इंजिन आहेच की. म्हणून तर लोक अशी गाडी घेतात. रोज जाता कुठे?"

त्यांनी हॉस्पिटलचं सांगितलं.

"तिथे पार्किंगमध्ये चार्जर आहे. चार तास गाडी उभी असते, तर लावून ठेवत जा ना. येताना भरलेली मिळेल."

चार्जर होता. ते दर वेळी त्याच्यासमोरच गाडी लावत. दिवसातून दोनदा भरली की बॅटरी दुप्पट झिजेल, असं त्यांनी आपल्या मनाशीच ठरवून टाकलं होतं.

"पेशंटला ह्या उन्हात एसीशिवाय नाही ना नेत तुम्ही?" मुलीने कागदावर सही करता करता विचारलं.

"छे," ऐंशीसाहेब म्हणाले.

गेटबाहेर आल्यावर त्यांनी एसी लावला. आधी गरम झोत आला, मग गार. मानेवरचा घाम वाळला, शर्ट पाठीपासून सुटला, डोळे आपोआप अर्धवट मिटले. किती बरं वाटतं, हे त्यांना चार वर्षांत पहिल्यांदा कळत होतं. त्यांनी झोत आणखी वाढवला. आज घरी जाऊन तिला सांगायचं, असं त्यांनी ठरवलंही. त्याबद्दल त्यांना थोडं श्रेय द्यायला हवं, कारण ते ठरवणं पेट्रोल पंपापर्यंत टिकलं.

पंपापाशी त्यांच्या मनात आलं, लावा म्हणाले असं सांगितलं की ती विचारणार, मग इतके दिवस? ती नाही विचारणार कदाचित, नुसती बघेल. पण लेक विचारेल. लेक मेहुणीला सांगेल. इमारतीत ज्यांना त्यांनी जिन्यात अडवून ऐंशी-वीस शिकवलं, ते सगळे विचारतील. लाज वाटली असती तर बरं झालं असतं, पण त्यांना वाटली ती भीती. आठवड्यातून तीनदा, चौदा महिने. टक्क्याटक्क्याचा हिशेब करणाऱ्या त्या माणसाने तेवढा एक गुणाकार केला नाही. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, पण इथे तर सुंभालाही अजून धग लागली नव्हती.

घराच्या अलीकडच्या वळणावर त्यांनी एसी बंद केला. गाडी कडेला घेतली, चारही खिडक्या पूर्ण उघडल्या आणि आतला गारवा निघून जाईपर्यंत तिथेच थांबले.

बायको दारातल्या खुर्चीवर बसून वाट बघत होती. केस विंचरले होते तिने.

"विचारलंत?"

"विचारलं."

"मग?"

"नाही म्हणाले," साहेब चपला काढत म्हणाले. "अजिबात लावायचा नाही म्हणाले. तुम्ही इतकी जपलीत म्हणूनच चौऱ्याण्णव राहिली, म्हणाले."

"बरं," ती म्हणाली आणि भिंतीला धरत आत गेली. रात्री लेकीचा फोन आला तेव्हा तिनेच सांगितलं, "अगं, तुझे बाबा बरोबर होते. तिथल्या लोकांनीच सांगितलं. आता तू पण त्यांना बोलू नकोस."

दोन दिवसांनी दुपारी डायलिसिस संपवून दोघं निघाले. ऊन होतं तसंच होतं. खिडक्या चार बोटं उघड्या, गाडी चाळीसवर. रुमाल पुलाच्या आधीच सुकला. तिने एसीचं नाव काढलं नाही. ओठ सुकून पांढरे पडले होते, त्यावरून ती मधूनमधून कोरडी जीभ फिरवत होती. पुलावर ती एकदम म्हणाली, "एक सांगू? रागावू नका."

"बोल."

"इतके दिवस मनातल्या मनात मी तुम्हाला फार वाईट वाईट बोलले. शिव्यासुद्धा दिल्या. वाटायचं, ह्यांना माझ्यापेक्षा गाडी जास्त." दम लागून ती थांबली. "तुमचं खरं होतं. माझं चुकलं हो."

साहेबांनी काट्याकडे पाहिलं. एकतीस होते.

"असू दे," ते म्हणाले, आणि मोठ्या मनाने त्यांनी तिला माफ केलं.