गाजराचा नंबर

शेजारची ओरिसिया गाजरं गोठवण्याचा पगार घेते. कॅनडातल्या आमच्या सास्काटूनमध्ये हिवाळ्यात गाजर अंगणात ठेवलं तरी फुकट गोठतं, म्हणून गल्लीत तिची थट्टा होते. ती विद्यापीठातल्या एमआरआय यंत्रात भाज्या घालून आतलं पाणी कसं गोठतं ते बघते. हळू गोठलं की बर्फाचे मोठे खडे होतात, पेशी फाटतात आणि भाजी शिजवल्यावर लिबलिबीत होते.

चर्चच्या तळघरात आम्ही बायका जेवणावळीच्या पिरोगी, म्हणजे बटाट्याच्या उकडलेल्या करंज्या, भरत होतो. ओरिसिया रंगात आली होती. "पाणी पांढरं चमकतं, बर्फ झालं की काळं. कडांकडून काळं सरकत येतं आणि मधे पांढरा ठिपका उरतो. इतका गोड दिसतो!"

माझ्या हातातली पारी फाटली. माझी नऊ वर्षांची ब्रिन रोज सकाळी डोकं धरून ओकते. तिच्या एमआरआयसाठी पानगळीत नंबर लावला. नदी गोठली तरी इस्पितळाचा फोन नाही.

"वा गं वा! तुझ्या गाजराला नंबर लागतो, माझ्या पोरीला नाही? गाजराचं डोकं दुखतं का?"

ओरिसियाने पिठाचे हात पुसले. "कोट घाल, पोरी."

तिने मला तडक प्रयोगशाळेत नेलं. यंत्र पिंपाएवढं, पण त्याच्या भोकात माझी मूठ जेमतेम गेली.

"यात ब्रिनचं डोकं मावतंय का? मावलं असतं तर केव्हाच घातलं असतं. ओरडायचं तर इस्पितळावर ओरड. नंबर लागलेलं कुणीतरी येत नाही, वेळा रिकाम्या जातात. रोज सकाळी फोन कर."

"ते चिडले आणि आमचा नंबर मागे टाकला तर?"

"मग मी करते. माझा आवाज तसाही कुणाला आवडत नाही."

तिने रोज फोन केला. उणे चाळीसच्या एका सकाळी कुणाची तरी गाडी सुरू झाली नाही आणि ती वेळ आम्हाला मिळाली. ओरिसियाची सुरू झाली. तिचं इंजिन रात्रभर विजेच्या तारेवर ऊब घेत असतं.

इस्पितळात ओरिसियाने ब्रिनला बजावलं, "हलू नकोस हं, ठमे. गाजर हललं तरी फोटो बिघडतो."

"गाजर हलतं?"

"तुझ्यापेक्षा कमी."

डॉक्टरांनी फोटो दाखवला. डोक्याच्या मधोमध पांढरं चमकत होतं. ओरिसिया या वेळी 'गोड' म्हणाली नाही.

"पाणी साचलंय," डॉक्टर म्हणाले. "उद्याच शस्त्रक्रिया करू. लवकर आलात, बरं झालं."

लवकर! पानगळीपासून आम्ही दारात उभे होतो! कुणाच्या तरी बंद गाडीवर माझ्या लेकीचा जीव तरला, आणि हे म्हणतात लवकर.

निघताना मी नोंदणीच्या खिडकीतल्या बाईंना विचारलं, "ज्यांची गाडी सुरू झाली नाही, त्यांचा नंबर आता कधी?"

"ते परत रांगेच्या शेवटी," त्या म्हणाल्या.