जवळचं वाचायचं कार्ड

माझे भाऊजी चष्मेवाले. दुकान त्यांचं, काउंटर त्यांचा, आणि बोलायचं कामही त्यांचंच. मी ताईचा धाकटा भाऊ. मागच्या खोलीत बसून काचा फ्रेमच्या मापाला घासतो. मधे डोळे तपासायची अंधारी खोली आहे, तिला दोन्हीकडून पडदे. माझं मशीन बंद असलं की पुढचं सगळं ऐकू येतं. भाऊजी बोलत असले तर मशीन चालू असलं तरी येतं.

येशूबद्दल कुणाला तरी सांगितल्याशिवाय भाऊजींना अन्न गोड लागत नाही. चर्चमध्ये याला साक्ष देणं म्हणतात, म्हणून गल्लीने त्यांचं नाव साक्षीदार पाडलंय. बसथांब्यावर, दवाखान्याच्या बाकावर, लिफ्टमध्ये, जिथे माणूस सापडेल तिथे ते सुरू. आमच्या इमारतीतले तिसऱ्या मजल्यावरचे गृहस्थ गुडघे धरून जिना चढतात, पण भाऊजी लिफ्टमध्ये असले तर आत पाऊल टाकत नाहीत. एकदा नळ दुरुस्त करणारा बेसिनखाली उताणा पडून काम करत होता. भाऊजी शेजारी उकिडवे बसले आणि त्याला तारणाचा मार्ग सांगू लागले. तो बिचारा उठून जाणार कुठे? जाताना पान्हा विसरला, आणि तो न्यायला काही परत आला नाही.

मीही त्यांच्याच चर्चमध्ये जातो, त्याच देवाची प्रार्थना करतो. पण माझं म्हणणं एवढंच की समोरच्याला आधी श्वास तरी घेऊ द्यावा. हे मी ताईला सांगतो. ताई म्हणते, मी सांगून थकले, आता तू सांग. असं आमचं चालतं.

तरी माणूस खोटा नाही, हे आधीच सांगून टाकतो. कुणाचा चष्मा सुट्टीच्या दिवशी फुटला तर भाऊजी ताटावरून उठून दुकान उघडतील. शेजारच्या चावीवाल्याने त्यांची नक्कल करून गल्ली हसवली, आणि तो आजारी पडला तेव्हा रोज डबा घेऊन जाणारे भाऊजीच. डबा देताना साक्ष दिली, ती गोष्ट वेगळी. चावीवाला म्हणतो, डबा चांगला होता.

तर ते कार्ड. जवळचा नंबर काढताना माणसाच्या हातात एक कार्ड देतात. त्यावर वर मोठ्या अक्षरात मजकूर, आणि खाली येईल तशी अक्षरं बारीक होत जातात. कंपनीकडून येणाऱ्या कार्डावर बागेत फुलं उमलली, होडी पाण्यात सोडली, असलं काहीतरी बेचव असतं. भाऊजींनी ते बाजूला ठेवलं आणि स्वतःचं छापून घेतलं. त्यावर हरवलेल्या मेंढराची गोष्ट, भाऊजींच्या शब्दांत. शंभर मेंढरं मोठ्या अक्षरात, एक हरवलं ते मध्यम अक्षरात, मेंढपाळ रानोमाळ हिंडला ते बारीक, आणि मेंढरू सापडलं ते इतकं बारीक की नंबर बरोबर लागल्याशिवाय कुणाला सापडायचंच नाही. भाऊजी यावर बेहद्द खूश होते. माणूस मधेच अडकला की ते वाढीव नंबरची काच लावायचे आणि म्हणायचे, आता वाचा, थांबू नका. आंधळ्याला दृष्टी दिल्याची गोष्ट का नाही घेतली, असं मी विचारलं तर म्हणाले, ती धंद्याची जाहिरात वाटेल. इतका विवेक त्यांना होता.

मी एकच सांगत होतो. कार्ड अधूनमधून बदला. लोक दरवर्षी तेच वाचतात, त्यांना पाठ होतं. पाठ झालेलं वाचायला डोळे लागत नाहीत. भाऊजी म्हणायचे, पाठ झालं तर चांगलंच आहे की. मी मशीन सुरू करायचो.

दुकानासमोर एका खोलीत शिवणकाम करणाऱ्या मावशी राहतात. नवरा जाऊन बराच काळ झाला, मुलगी लग्न होऊन लांबच्या शहरात. मशीन दारातच, उजेडासाठी. पँटची लांबी कमी करणं, काज करणं, चेन बदलणं, जुना कोट उलटून नवा करणं, हे सगळं त्या करायच्या आणि सुबक करायच्या. मुलगी सारखी म्हणायची, आता माझ्याकडे या. मावशींना ते नको होतं. जावई वाईट नाही, पण तिथे मी पाहुणी, इथे मी कामाची, असं त्या ताईला म्हणाल्या होत्या. हात चालतात आणि डोळे चालतात तोवर ही खोली त्यांची. एवढंच त्यांचं भांडवल.

भाऊजींची सगळ्यात जुनी श्रोती म्हणजे ह्या मावशी. त्यांनी कधी नाही म्हटलं नाही आणि कधी हो म्हटलं नाही. भाऊजी दारात उभे राहून सांगत असायचे, मावशी पायाने मशीन चालवत असायच्या. आमच्या धर्माच्या त्या नाहीत, पण कुणाचा देव वाईट असं त्यांच्या तोंडून कधी आलं नाही. भाऊजींना मात्र आशा होती. घरी प्रार्थनेत त्यांचा उल्लेख रोज, आमच्या सगळ्यांच्या आधी.

मग मावशींचं काम बिघडायला लागलं. ताईच्या ब्लाउजची एक बाही वर, एक खाली. माझ्या पँटची दुमड नागमोडी. ताई म्हणाली, वय झालं त्यांचं, तोंडावर काही बोलू नकोस. गल्लीतली माणसं बोलली नाहीत, हळूहळू दुसऱ्या शिंप्याकडे जायला लागली. मावशी दारात बसून शिवलेलं उसवायच्या, पुन्हा शिवायच्या, पुन्हा उसवायच्या. चालता-फिरताना मात्र काही कळायचं नाही. रस्ता नीट ओलांडायच्या, ओळखीच्या माणसाला आवाजावरून आणि चालीवरून हाक मारायच्या.

त्या काळात त्या दोन-तीनदा दुकानात आल्या. डोळे बघ रे जरा, म्हणाल्या. लांबचं मला काय करायचंय, जवळचं बघ. भाऊजींनी खुर्चीत बसवलं, चाचणीची जड फ्रेम नाकावर चढवली, कार्ड हातात दिलं. मावशींनी शंभर मेंढरांपासून सापडलेल्या मेंढरापर्यंत सगळं न अडखळता वाचलं. इतकं सुंदर वाचलं की मागे मी हातातली काच खाली ठेवली. शेवटच्या ओळीला त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. भाऊजींनीही डोळे पुसले. डोळे ठणठणीत आहेत मावशी, म्हणाले, जुनाच नंबर चालेल.

त्या रविवारी चर्चमध्ये भाऊजी साक्ष द्यायला उभे राहिले. एक शेजारीण, इतकी वर्षं दगडासारखी होती, आता वचन वाचताना तिचे डोळे भरून येतात, असं त्यांनी सांगितलं. लोकांनी आमेन म्हटलं. पाळकांनी येऊन हात हातात घेतला. भाऊजी दिवसभर हवेत होते, आणि ताईनेही त्या दिवशी त्यांना जमिनीवर आणलं नाही.

कार्डाचे कोपरे फाटले तेव्हा भाऊजींनी अखेर नवीन छापून घेतलं. आकार तोच, कडेची निळी चौकट तीच. गोष्ट दुसरी, बापाची आणि त्याच्या दोन मुलांची. धाकटा वाटणी घेऊन घर सोडून जातो ती. पहिलं वाचन कुणाचं, तर मावशींचं. भाऊजी स्वतः जाऊन त्यांना बोलावून घेऊन आले. मी मशीनचं चाक बदलत होतो, त्यामुळे सगळं शांत होतं.

मावशी बसल्या. भाऊजींनी दिवा कार्डावर ओढला.

"एका माणसाची शंभर मेंढरं होती," मावशींनी सुरुवात केली.

भाऊजी हसले. म्हणाले, मावशी, थट्टा पुरे, नवीन कार्ड आहे हे. मी पडदा बाजूला केला. मावशींनी कार्ड अगदी बरोबर अंतरावर धरलं होतं, मान थोडी तिरकी, चेहरा वाचणाऱ्याचा. मग त्यांनी हळूच विचारलं, "यात काय लिहिलंय?"

भाऊजींनी कार्ड त्यांच्या हातून घेतलं, स्वतः पाहिलं, आणि परत त्यांच्या हातात दिलं. काय करतोय हे त्यांनाच कळत नसावं. मग खाली बसले, फिरत्या स्टुलावर नाही, जमिनीवर. मावशी, कधीपासून, असं त्यांनी विचारलं.

मावशींनी फ्रेम काढून मांडीवर ठेवली. रागावल्या नव्हत्या, तेच वाईट होतं. बराच काळ झाला, म्हणाल्या. आधी सरळ शिवण मधेच वाकलेली दिसायला लागली. चांगली शिवण वाकडी समजून उसवायचे, आणि वाकडी घालायचे. मग बघीन त्याच्या बरोबर मधोमध डाग यायला लागला. मुलीला कळलं असतं तर ती दुसऱ्या दिवशी न्यायला आली असती.

"आणि तुला सांगितलं होतं मी," त्या म्हणाल्या. "शिवण वाकडी दिसते, असं ह्याच खुर्चीत बसून सांगितलं होतं. तू म्हणालास, वाकडं जग सरळ करणारा एकच आहे, मावशी. आणि कार्ड दिलंस. मग मी ते पाठच म्हणून दाखवलं. वाटलं, तू ठीक म्हणालास तर असतील ठीक."

भाऊजी काहीतरी पुटपुटले. तुमच्या डोळ्यांत पाणी यायचं, असं काहीसं.

"ताण पडायचा रे. तू ऐकत होतास कुठे? तू माझ्या तोंडून तुझीच गोष्ट ऐकत होतास."

दुकान तसंच टाकून भाऊजी त्यांना डोळ्यांच्या इस्पितळात घेऊन गेले. डॉक्टरीण बाईंनी सांगितलं, डोळ्याच्या आतल्या पडद्याचा मधला भाग गेलाय. उजव्या डोळ्याला उशीर झालाय, त्यात आता काही होणार नाही. डाव्यात इंजेक्शनं देऊ, आहे तेवढं राहील. फिरता येईल, वावरता येईल, बारीक काम विसरा. वर्षभर आधी आल्या असत्या तर, म्हणाल्या आणि तिथेच थांबल्या. भाऊजींनी ते वाक्य पुरं करायला लावलं नाही.

पुढच्या रविवारी ते पुन्हा उभे राहिले. मागे सांगितलं ते खोटं होतं, म्हणाले. ती बाई रडत नव्हती, तिला दिसत नव्हतं. डोळे तपासणारा मी, आणि मी तिची साक्ष दिली. अशा साक्षीला आमेन कुठे म्हणायचं हे कुणाला सुचेना. पाळकांनी गाणाऱ्यांकडे पाहिलं आणि त्यांनी गाणं वेळेआधीच सुरू केलं. घरी आल्यावर ताई रडली, आणि हेही सांगतो, तिला नवऱ्याचा इतका अभिमान वाटलेला मी कधी पाहिला नव्हता. बोलून दाखवला नाही तिने. स्वभाव.

मावशींची मुलगी न्यायला आली. मावशी म्हणाल्या, सुई ओवून मिळाली तर हाताच्या अंदाजाने सरळ शिलाई अजून जमेल, उशांचे अभ्रे, पडदे. कोण ओवून देणार, असं मुलीने विचारलं. भाऊजी म्हणाले, मी. मुलीने त्यांच्याकडे असं पाहिलं की त्यांच्या जागी मी असतो तर गाव सोडलं असतं. पण आईचा हट्ट, ती एकटीच परत गेली.

तेव्हापासून दुकान उघडण्याआधी भाऊजी समोर जातात. सुया ओवतात, मशीनचा दोरा लावतात, रिळं रंगाप्रमाणे मांडतात, जाताना सांगतात डावीकडून कुठला रंग आहे. याच्या पलीकडे एक शब्द नाही. लिफ्टमध्येही गप्प. तिसऱ्या मजल्यावरचे गृहस्थ पुन्हा लिफ्टने जायला लागले आणि त्यांनीच एकदा मला काळजीने विचारलं, बरं आहे ना त्यांचं? मलाही सुनं वाटायचं, खरं सांगायचं तर. इतकी वर्षं कटकट म्हटली ती कानाला सवयीची झालेली.

एका सकाळी किल्ली मागायला मी तिकडे गेलो. भाऊजी मान खाली घालून सुई ओवत होते. मावशी मशीनपाशी बसल्या होत्या.

"आहेस का गेलास?" त्यांनी विचारलं.

"आहे मावशी."

"मग बोल की काहीतरी. तू गप्प असलास की मला कळत नाही, इथे कुणी आहे की नाही."

ज्याला नळवाल्याशी तासभर बोलता येत होतं त्याला चार शब्द सापडेनात. मावशी वाट बघत होत्या. शेवटी भाऊजींनी सुई पिनांच्या उशीला टोचली, स्टूल ओढून त्यांच्या समोर बसले आणि विचारलं, "मावशी, तुम्हाला आता नेमकं काय काय दिसतं?"

मावशींनी मान वर केली. तिरकी नाही केली, सरळ त्यांच्याकडे पाहिलं, आणि बराच वेळ पाहत राहिल्या.

"कडेकडेचं दिसतं," त्या म्हणाल्या. "मागचं दार दिसतं. तुझे दोन्ही कान दिसतात. तोंड दिसत नाही."

भाऊजी हलले नाहीत. अजून सांगा, म्हणाले. मावशी सांगू लागल्या. मी खुंटीवरची किल्ली घेतली आणि दुकान उघडायला निघालो.