केरूने परसात शेड बांधली

केरूने उभ्या आयुष्यात जे जे बांधलं, ते ते स्वतःच्याच हाताने सोडवलं. माणसात खोट नव्हती, धंदाच तसा होता. नागोठण्याकडच्या एका कंपनीत तो कंत्राटदाराच्या हाताखाली परांच्या बांधायचा. पाइपला पाइप जोडून हा पठ्ठ्या चिमणीच्या उंचीपर्यंत जायचा. मग त्यावर वेल्डर चढायचे, रंगारी चढायचे, आणि त्यांचं काम उरकलं की केरू पुन्हा वर जाऊन एकेक पाइप सोडवून खाली द्यायचा. उमेदीची सगळी वर्षं त्यात गेली. एवढं बांधून कुणाला बोट दाखवून "हे मी बांधलं" म्हणायची काही सोय उरली नाही.

रिटायर झाल्यावर त्याचे पाने, दोरखंड, पहारी असा सगळा बारदाना घरी आला आणि पडवीत येऊन पसरला. त्यात घरचे कोयते, फावडी, घमेली, पाण्याचा पंप. शकूला, म्हणजे त्याच्या बायकोला, उंबऱ्यातून बाहेर पाय टाकायची चोरी झाली. एकदा फावड्याच्या दांड्याने तिच्या नडगीचा समाचार घेतला तेव्हा ती कडाडली, "ही तुमची लोखंडं हालवा हितनं, नायतर एक दिवस समदी अंबा नदीत नेऊन टाकीन."

शकू बोलली की करते, हे केरूला लग्नापासून ठाऊक होतं. परसात एक शेड बांधायची असं त्याने मनाशी ठरवलं, पण तिला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तिने चार शहाणपणाच्या गोष्टी सुचवल्या असत्या, आणि शहाणपणाच्या गोष्टी ऐकायची केरूला मुळातच आवड नव्हती.

भातं झोडून झाली होती, शेतात वाल उभे होते, हवेत गारवा होता. शकू बहिणीच्या नातीच्या बारशाला गागोद्याला निघाली. निघताना ती दारातून म्हणाली, "उद्या शनिवार हाय. सकाळी रेबेकाकडं जाऊन तिचा गॅस पेटवून द्या. इसरू नका."

"व्हय, व्हय," केरू म्हणाला. त्याने त्यातलं अक्षरही ऐकलं नव्हतं. मनातल्या मनात तो पत्र्यांची मापं घेत होता.

रेबेका म्हणजे मागच्या घरातली म्हातारी. बेने इस्रायली, म्हणजे कोकणातली ज्यू. त्यांची तेवढी चार घरं एके काळी गावात होती, आता ही एकटीच राहिली. शनिवार त्यांच्या धर्मात विसाव्याचा, त्या दिवशी ती विस्तव पेटवत नाही. म्हणून दर शनिवारी शकू परसाच्या कुंपणातल्या फटीतून पलीकडे जायची, गॅस पेटवून चहा ठेवायची आणि मग दोघी गप्पा छाटत बसायच्या. केरूला यातलं काही माहीत असायचं कारण नव्हतं. त्याची शिफ्ट तरी असायची, नाहीतर तो शिफ्टवरून येऊन घोरत तरी असायचा, आणि रिटायर झाल्यावरही सकाळी घोरायची सवय तेवढी राहिली होती.

शकूची पाठ वळताच केरूने पेणला फोन लावला. त्याचा मुलगा आदेश तिथे रामवाडीला राहायचा आणि गणपतीच्या कारखान्यात रंगकाम करायचा. शनिवारी सकाळी तो आणि त्याची बायको पिंकी हजर झाले. केरूने दोघांना ओळीत उभं केलं, डोक्यावर हेल्मेटं चढवली आणि कंपनीत देतात तसं सुरक्षेचं भाषण सुरू केलं.

"बाबा, शेड आठ फुटांची हाय, टॉवर नाय," आदेश म्हणाला.

"आठ फुटांवरनं पडला तरी हाड मोडतं. फुडं ऐक."

पण काम मात्र बघत राहावं असं झालं. केरू गाठ मारायचा ती अशी, की पिंकीने दोन्ही हातांनी ओढूनही हलेना. खांब पुरले, वासे चढले, पत्रे ठोकले. पिंकी सासऱ्याच्या वरचढ निघाली. कुठला खांब तिरपा आहे ते ती लांबूनच ओळखायची आणि आदेशला दामटायची. केरूला ते भलतंच आवडलं. आपल्या गँगमध्ये असती तर हिला मुकादमच केली असती, असं तो म्हणाला.

आता केरूचा एक कंपनीचा नियम होता. उघडी बाजू ठेवायची नाही. उघडी बाजू म्हणजे अपघात. परसाच्या मागच्या कोपऱ्यात कुंपणाला ती फट पडलेली त्याला दिसली आणि त्याच्या हाताला खाज सुटली. त्याने शेडची मागची भिंत बरोबर त्या फटीवर घेतली. शेड झाली ती झाली, वर कुंपणही दुरुस्त झालं! एका दगडात दोन पक्षी मारल्याचा आनंद त्याच्या तोंडावर मावत नव्हता.

शेवटचा पत्रा ठोकताना त्याला पलीकडे रेबेका पडवीत बसलेली दिसली. "काय रेबेकाबाय, कशी काय झालीय?" त्याने विचारलं.

"मजबूत हाय, केरूभाऊ," ती म्हणाली.

शकू दिवस मावळताना मिनीडोर रिक्षातून उतरली. तिघं शेडपुढे हारीने उभे होते. शकूने शेड बघितली, आत डोकावली, हसलीसुद्धा. मग ती शेडला वळसा घालून मागे गेली आणि तिथूनच तिचा आवाज आला.

"वाट कुठं गेली?"

"कसली वाट?" केरू म्हणाला.

"रेबेकाकडची. गॅस पेटवून दिलात का सकाळी?"

केरूने कपाळावर हात मारला. शकू तशीच वळली. ती पुढच्या दाराने बाहेर पडली आणि अख्खी आळी फिरून रेबेकाच्या घरी निघाली. तिच्या मागोमाग केरूही गेला, पण पायरीशीच थबकला.

आत रेबेका म्हणत होती, "नाय गो, उपाशी कशाला ऱ्हाईन? कालचं व्हतं ना, गार खाल्लं. केरूभाऊवर रागवू नको. शेड चांगली बांधलीय." मग ती म्हणाली, "माझा पोरगा एझ्रा कवापास्नं बोलावतोय तिकडं इस्रायलला. त्याला दर वेळेला एकच सांगायची, माझं शेजार हाय, मी एकटी नाय. आज दिवसभर त्या पत्र्याकडं बघत बसले. उद्या त्याचा फोन आला की सांगते, काढ तिकीट."

शकूला रडू फुटलं. पायरीवर उभ्या केरूला लाज वाटली. आपल्या घरामागे बायकोचं एवढं मोठं सुख नांदत होतं आणि आपण ते पत्रा ठोकून बंद केलं! रात्री तो जेवला नाही. शकूनेही जेव म्हटलं नाही.

रविवारी उजाडताच त्याने पत्रा कापायचं मशीन काढलं. आदेश डोळे चोळत बाहेर आला आणि ओरडला, "बाबा, कालच बांधलीय ना!" केरू शेडच्या मागच्या भिंतीला भोक पाडत होता. सोडवायची सवय असलेला हात, पण पहिला काप घालताना जड झाला. आयुष्यात कायम टिकावं म्हणून बांधलेलं ते त्याचं पहिलंच काम होतं.

दुपारपर्यंत तिथे दार झालं. पिंकीने बिजागऱ्या बसवल्या. शकूने चहा आणून दिला, आणि केरूला तेवढ्याने हायसं वाटलं. रेबेकाही आपल्या बाजूने येऊन उभी राहिली. आता कडी राहिली होती. केरू दाराच्या पलीकडे जाऊन, रेबेकाच्या अंगणात उभा राहून ती ठोकू लागला.

"बाबा, उलटं लावताय," आदेश म्हणाला. "कडी आतनं लावतात. तुमची समदी हत्यारं आत हायत. तिकडनं कोनीपन येईल."

"कोनीपन कोन रे?" केरू खेकसला. "तिकडं रेबेकाबाय ऱ्हाते. तिला आपल्याकडं यावंसं वाटलं तर तिनं काय दार ठोठावीत उभं ऱ्हायचं?"

त्याने शेवटचा स्क्रू पिळला आणि बाजूला झाला. "रेबेकाबाय," तो म्हणाला, "काल चुकलं माझं. बघा, लागते का नीट."

रेबेकाने कडी लावली. काढली. पुन्हा लावली. तेवढ्यात तिच्या हातातला फोन वाजला. एझ्राचा चेहरा पडद्यावर आला आणि त्याने नेहमीचं विचारलं, "आई, काय ठरवलंस? तिकीट बघू ना?"

"तिकिटाचं ऱ्हाऊ दे रे," कडीवरचा हात न काढता रेबेका म्हणाली. "केरूभाऊची समदी हत्यारं माझ्या कडीत हायत. मी तिकडं आले तर त्यांच्यावर नजर कोन ठेवील?"