मामाची वाळवंटातली वस्ती

सकाळी पावणेआठला मामीचा फोन आला तेव्हा मी ऑफिसचा डबा भरत होते. मामी म्हणाली, “मामा उठत नायत गो. चहा दोनदा गरम केला.” एवढंच. मी डब्याचं झाकण लावलं, डबा पिशवीत घातला आणि रत्नागिरीच्या स्टँडवर जाऊन मामाच्या गावची, लांज्याची गाडी पकडली. डबा कशाला घेतला, ठाऊक नाही. दुपारी मामाला पोचवून सगळे परतले तेव्हा शेजारणीने तो उघडला. भेंडीची भाजी विटली होती, ती तिने मागच्या दारी टाकली. हे सगळं मला लख्ख आठवतं. रडल्याचं आठवत नाही, कारण मी रडले नाही. आज पाच आठवडे झाले... अजून नाही. बायका म्हणतात, येईल एकदम. येईल तेव्हा येईल.

माझा मामा एसटीचा ड्रायव्हर होता. एकतीस वर्षं त्याने गाडी चालवली, आणि त्यातली निम्मी वर्षं तरी वस्तीच्या गाड्या. संध्याकाळी शेवटची गाडी एखाद्या गावात जाते, तिथेच थांबते, ड्रायव्हर-कंडक्टर देवळात नाहीतर शाळेच्या पडवीत झोपतात आणि सकाळी तीच गाडी पहिली फेरी म्हणून सुटते, ती वस्तीची गाडी. वेळणेश्वरच्या वस्तीला तर गावकरी त्याच्यासाठी घावणे राखून ठेवायचे. मी रत्नागिरीला कॉलेजला जायचे ते त्याच्याच गाडीने. भाची म्हणून सीट मिळेल असं वाटलं होतं. पहिल्याच दिवशी आरशातून बघत म्हणाला, “पास हाय ना? मग उभी रहा. बसायचं त्याने वेळेवर यावं.” तीन वर्षं बहुतेक उभ्याने गेली. पण बी.कॉम.चा निकाल लागला त्या दिवशी त्याने गाडी सुटायच्या आधी इंजिन बंद केलं, मागे वळला आणि भरल्या गाडीला सांगितलं, “आमच्या दोन्ही घरांत कॉलेज पास झालेलं हे पहिलं माणूस. बघून घ्या.” कोणीतरी कोंबडीची पाटी घेऊन बसलं होतं, तेसुद्धा टाळ्या वाजवायला लागलं. मी आमच्या घरातली पहिली पदवीधर आहे हे मी आजही मिरवते. मिरवायला त्यानेच शिकवलं.

त्याचा मुलगा नीलेश अमेरिकेत, ॲरिझोनात नोकरीला असतो. दोन वर्षं तो आईवडिलांना या, या म्हणत होता. मामा काही हलत नव्हता. मग एकदा नीलेशने मोबाइलवर तिकडच्या वाळवंटातल्या दऱ्यांचे फोटो पाठवले. तांबडे कडे, खोल दऱ्या, आपल्या जांभ्याच्या खाणीला डोंगराएवढं मोठं करावं तसं. आम्ही सगळे दऱ्या बघत होतो. मामाने एकच फोटो धरून ठेवला. त्यात दरी लांब होती, पुढे नुसता रस्ता होता, काळाभोर, सुतासारखा, पार क्षितिजाला टेकलेला.

“ह्याला वळण कुठाय?”

“नाय, मामा. सरळच दिसतोय.”

“किती किलोमीटर?”

मी शोधून सांगितलं. जन्मभर ज्याने घाट चढले-उतरले, समोरून ट्रक येईल की गुरं येतील ते वळणाच्या ह्या अंगाला बसून ओळखलं, त्याला सरळ रस्ता म्हणजे काय, ते मला तेव्हा पुरतं कळलं नव्हतं. आठवड्याने फोन आला. “बाय, त्या रस्त्यावर एकदा गाडी मारायची हाय मना. मग कुठे न्यायचं तिथे न्या.”

झालं, तयारी सुरू झाली. नीलेशला आठ दिवसांचीच रजा, म्हणून राहण्या-फिरण्याचं सगळं माझ्याकडे आलं. मीही जाणार होते. दर शनिवारी मामा लांज्याहून माझ्याकडे यायचा, जुन्या डायरीत रेघा मारून. गाडी सुटण्याची वेळ, पोचण्याची वेळ, अंतर, आणि शेवटच्या रकान्यात वस्ती. पहिली वस्ती ग्रँड कॅन्यन, दुसरी मॉन्युमेंट व्हॅली, तिसरी ब्राइस, चौथी झायन. ही नावं तो संगमेश्वर, साखरपा म्हणावं तशी म्हणायचा. गणपती झाले की, भातकापणी जोरात यायच्या आत निघायचं, असं ठरलं. वस्ती मात्र उद्यानाच्या फाटकाच्या आत हवी, यावर तो अडून बसला. “बाहेर राहिलं की सकाळी लायनीत. आत झोपलेला माणूस पहिला उठून बघतो.” पण आतल्या खोल्या वर्षवर्षभर आधी भरतात. मी म्हटलं, नाही मिळत. तो म्हणाला, “रोज सकाळी बघत जा. कोणतरी उतरतंच.” मी रोज ऑफिसला निघताना बघायचे. तेविसाव्या दिवशी पहिल्या वस्तीची खोली सुटली. फोन केला तर म्हणाला, “उतरला ना? रिझर्वेशनवाला शेवटाला कच खातोच.”

तिथे एक गंमत होती. पहिल्या वस्तीहून दुसऱ्या वस्तीकडे जाताना आदिवासींचा मुलूख लागतो, आणि ऑक्टोबरात तिथलं घड्याळ एक तास पुढे असतं. राज्य तेच, रस्ता तोच, वेळ वेगळी. मामाने सगळं वेळापत्रक खोडून पुन्हा लिहिलं आणि म्हणाला, “ह्यांचा स्टँडवरचा कंट्रोलर वेडा होत असेल.” झायनला तर दरीत खाजगी गाड्या सोडतच नाहीत, तिथल्या बसनेच फिरावं लागतं, हे ऐकून त्याने मांडीवर थाप मारली. “म्हणजे तिथेपण एसटी! त्या ड्रायव्हरला भेटायचं मना. लिहून ठेव.” मी लिहून ठेवलं.

मामीची चिंता वेगळी होती. खोलीत भात शिजवायला मिळेल का, एवढंच ती विचारायची. एकदा मी गेले तर अंगणात प्लॅस्टिकच्या दोन खुर्च्या शेजारीशेजारी मांडलेल्या. डावीकडच्या खुर्चीत मामा हात पुढे धरून बसलेला, कारण तिकडे ड्रायव्हर डावीकडे बसतो. उजवीकडच्या खुर्चीत मामी सुपात तांदूळ निवडत होती.

“गिअर नसतात म्हणे त्या गाड्यांना,” मामा मला म्हणाला. “मग ह्या मोकळ्या हाताने काय करायचं? तपकीर ओढायची?”

“तिकिटं फाडा,” मामी सुपातून मान वर न करता म्हणाली. “आणि वायच हळू चालवा, माझे तांदूळ सांडतायत.”

त्याच आठवड्यात नीलेशचा फोन आला. म्हणाला, “ताई, बाबांना गाडी द्यायची नाहीये. एका डोळ्याचं ऑपरेशन झालंय, शुगर आहे, आणि इथे काही झालं तर मी निस्तरू शकणार नाही. पण आत्ता सांगू नको. सांगितलं तर येणारच नाहीत. इथे आले की मी बघतो.” नीलेशचं काही चुकत नव्हतं. मलाही ते पटलं, हे मी कबूल करते. मी हो म्हटलं.

पुढच्या शनिवारी मी भाड्याच्या गाडीचा फॉर्म भरत होते. मामा शेजारी बसून चहा बशीत ओतत होता. मामा मराठी पेपर पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचायचा, पण इंग्रजी त्याला येत नव्हतं. सातवीत शाळा सुटली. त्याने पडद्यावर बोट ठेवलं.

“इथे काय हाय?”

“ड्रायव्हरचं नाव.”

“हे नीलेशचं झालं. माझं कुठाय?”

मी म्हटलं, “दुसऱ्या पानावर.”

दुसरं पान नव्हतं. तो म्हणाला, बरं. मग विचारलं, बाहेरच्या देशात चालवायचा परवाना लागत असेल ना, आरटीओत कधी जाऊया? मी म्हटलं, ते ऑनलाइन होतं, मी करते. तो पुन्हा म्हणाला, बरं. बशीतला चहा प्याला. मला हे सगळ्यांसमोर लिहायचं आहे म्हणून लिहिते. ज्या माणसाने भरल्या गाडीत माझं शिक्षण जाहीर केलं, त्याच्यासमोर मी त्या शिक्षणाचा असा उपयोग केला. इतर कोणी त्याला अडाणी समजून फसवलं असतं तर मी त्या माणसाच्या घरी जाऊन भांडले असते.

नंतर दोन महिने तो खुशीत होता. लांज्याच्या बाजारात भेटेल त्याला सांगायचा, भाचीने सगळं पक्कं केलंय, दुसऱ्या वस्तीच्या पुढे स्टेअरिंग माझ्याकडे. लोक मला रस्त्यात थांबवून विचारायचे. मी हसायचे. शेवटचं भेटलो ते तो गेला त्याच्या आधीच्या रविवारी. त्याने नवीन बूट आणले होते, ते घालून अंगणात चालून दाखवत होता. निघताना म्हणाला, “बाय, माझ्या नावाचा तो कागद छापून आण हां. हातात असलेला बरा.” आणते म्हटलं. त्या आठवड्यात काहीतरी कारण काढून टाळायचं, असं मी बसमध्ये ठरवत होते. बुधवारी मामीचा फोन आला.

नीलेश तिसऱ्या दिवशी पोचला. अग्नी पुतण्याने दिला होता. दिवसकार्य झालं, पाहुणे गेले. मग मी माझा लॅपटॉप उघडून ओटीवर बसले आणि एकेक वस्ती रद्द केली. पहिली, दुसरी, तिसरी, चौथी. प्रत्येक वेळी ते कारण विचारतात. खाली कारणांची यादी असते, त्यातलं एक निवडायचं. मी ‘बेत बदलला’ निवडलं. चारही वेळा. रद्द करायलाही शिकलेलंच माणूस लागतं.

मामी खांबाला टेकून बघत होती. तिला मी सगळं सांगितलं. फॉर्म, दुसरं पान, परवाना, सगळं. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, “नाव नाय टाकलंस ते बरं केलंस. मना तर रोज धडकी भरायची.” मला वाटलं, सुटले. पण तिचं संपलं नव्हतं. “पण तोंडावर सांगायचं होतंस गो. ते भांडले असते, दोन दिवस जेवले नसते. मग तूच येऊन जेवायला घातलं असतंस. त्यांना भांडायला तरी दिलं असतंस...” आणि ती आत गेली. रागाने नाही. भात लावायचा होता.

दुसऱ्या दिवशी नीलेश मला रत्नागिरीला सोडायला निघाला, भाड्याची गाडी घेऊन. मी पुढे त्याच्या शेजारी बसले. मामाची एक सवय सांगायची राहिली, ती इथेच सांगते. निवृत्त झाल्यावर तो दुसऱ्याच्या गाडीत पुढे बसला की त्याचा उजवा पाय खाली दाबला जायचा, जिथे ब्रेक असता तिथे. वळण आलं की पाय खाली. आम्ही चिडवायचो, तो कबूल करायचा नाही. घरी पोचला की पोटरी चोळत बसायचा. आंजणारीचा घाट लागेपर्यंत मला हे आठवलंही नव्हतं. तिथे मात्र डोक्यात आलं, की मी ह्या माणसाला आठ दिवस ह्याच सीटवर बसवणार होते. सगळ्या वाळवंटात. त्या सरळ रस्त्यावरसुद्धा, जिथे दाबायला काही कारणच नव्हतं, तिथेही तो पाय दाबून बसला असता, आणि मी मागच्या सीटवरून त्याला कडे दाखवले असते.

“बाबांना मी पाच मिनिटं तरी दिली असती गाडी,” नीलेश समोर बघत म्हणाला. “तिथे गेल्यावर. रस्ता मोकळा बघून.”

मी विचारलं नाही, खरंच का. घाट उतरायला लागला. समोर वळण आलं आणि माझा पाय गाडीच्या तळाशी घट्ट दाबला गेला. मी उचलायला बघितला, उचलला गेला नाही. नीलेशची नजर एकदा खाली गेली.

त्याने गाडी हळू केली.