भांडाऱ्याचा भाग

वाफ्याला हे नाव मालकानं ठेवलं. लाँड्रीच्या मागच्या खोलीत तो स्टीम प्रेसवर उभा असायचा, आणि कुणी काही वाकडं बोललं की प्रेसच्या आधी हाच तापायचा. शाळा नववीत सुटली. सुटली कसली, यानंच सोडली. सरांनी याच्या मित्राला उगाच चोर ठरवलं, हा मधे पडला, सर म्हणाले मग तूही नीघ, आणि हा खरंच निघाला. तो मित्र आज कॉलेजात आहे. वाफ्याला त्याचं काही वाटत नाही. आपला माणूस म्हणजे आपला माणूस, एवढं एकच गणित त्याला येतं.

आपली माणसं तशी थोडकीच. घरी आई आणि थोरली बहीण. दुकानात रफूवाली मावशी. आणि चौथी, हसा हवं तर, 'काळी कक्षा'मधली कप्तानबाई.

'काळी कक्षा' ही मोबाइलवर बघायची मालिका. एक जुनाट गस्तीचं जहाज सूर्याचा उजेड पोचत नाही तिथं फिरतंय, मागं शत्रू लागलाय, पुढं काय आहे ते देवाला ठाऊक. वाफ्यानं ती एकट्यानं बघायला सुरुवात केली आणि मग मावशीला ओढलं. मावशी खिडकीपाशी बसून रफू करायची. कोटाच्या आतल्या दुमडीतून त्याच कापडाचे दोरे उपसायचे आणि बाहेरचं भोक त्यानंच भरायचं, असं डोळे फोडणारं काम. जेवायच्या सुट्टीत दुकानाचा जुना टॅब दोघं मधे उभा करायची.

"पाणी कुठंय रे?" पहिल्या दिवशी तिनं विचारलं होतं.

"पाणी नसतंय मावशी. हे वरचं जहाज आहे. आकाशातलं."

"मग बुडणार कसं?"

"बुडत नाही. फुटतं."

"मग ठीक आहे. बुडण्यापेक्षा ते बरं."

तेव्हापासून दर शनिवारी दोघांचं ठरलेलं. वाफ्या एका हातानं घास घेत दुसऱ्या हातानं समजावून सांगायचा, हा फितूर आहे, तो मेला असं दाखवलंय पण मेला नाही. मावशी मान डोलवायची. तिला लढाया कळायच्या नाहीत, पण कोण कुणावर रुसलंय ते वाफ्याच्या आधी तिला कळायचं.

मावशीचा एकुलता एक लेक परदेशात. सोमवारी आली की पिशवी खुंटीला लावता लावता ती सांगायची, "काल लेकाचा फोन आला होता." वाफ्या प्रेसचा पायडल दाबत विचारायचा, "काय म्हणतो?" ती सांगायची, थंडी आहे म्हणतो, तब्येत जप म्हणतो. निम्मं वाफेच्या फुसफुशीत जायचं. याला तरी कुठं नीट ऐकायचं असायचं.

तर, मालिकेच्या चाहत्यांचा मोबाइलवर एक मोठा ग्रुप होता. स्वतःला ते कक्षावाले म्हणवायचे. वाफ्या त्यातला जुना खांब. कप्तानबाईला कुणी नावं ठेवली की हा बाह्या सरसावून हजर. या ग्रुपात एक रीत होती. नवा भाग बघताना शेजारच्याच्या तोंडाचा व्हिडिओ काढायचा आणि तिथं टाकायचा. त्याला 'थोबाड' म्हणायचे. जे थोबाड सगळ्यात जास्त हसवेल ते आठवडाभर ग्रुपच्या माथ्यावर. वाफ्याचं थोबाड कधीच लागलं नव्हतं. त्याची बहीण कॅमेरा बघितला की उशी फेकून मारायची, आणि आईला तर पाचव्या मिनिटाला झोप.

मग तो भांडाऱ्याचा भाग आला.

शुक्रवारी संध्याकाळी ग्रुप पेटला. भांडारी म्हणजे जहाजाच्या कोठारात बसून लोकांना खिळे, दिवे, पांघरुणं देणारा म्हातारा. आजवर त्याला धड वाक्य मिळालं नव्हतं, आणि आता अख्खा भाग त्याच्यावर. लढाई नाही, शत्रू नाही, कप्तानबाई दारातून डोकावून गेली तेवढीच. कक्षावाले चवताळले. "तासभर कपाट बघितलं." "गोळी एक नाही, चहा मात्र दोनदा." "लिहिणाऱ्याची सासू भांडारी आहे का?" एका बाईनं भीत भीत लिहिलं की मला आवडला, माझे वडील आठवले. तिच्यावर सगळे तुटून पडले, आणि सगळ्यात आधी वाफ्या. "वडील आठवायचे तर फोटो बघा, आमची मालिका कशाला नासवता," असं त्यानं लिहिलं. त्याला लाइकचे बदाम पडले. त्यानं अजून भाग बघितलाही नव्हता.

पण डोक्यात किडा वळवळला. एवढा कंटाळवाणा भाग आहे, मावशी नक्की पेंगणार. तोंड उघडं, मान खाली, हातात घास. असं थोबाड कुणाकडंच नसेल.

शनिवारी त्यानं टॅब नेहमीसारखा लावला आणि स्वतःचा मोबाइल हँगरच्या दांडीला अडकवला, मावशीच्या तोंडावर नेम धरून. "काय करतोस?" तिनं विचारलं. "चार्जिंगला लावतोय," तो म्हणाला. जवळपास सॉकेट नव्हतं. मावशीनं ते बघितलं नाही, कारण तिला सुरुवात चुकवायची नव्हती.

ती पेंगली नाही. अर्ध्या भागानंतर तिचा घास हातातच राहिला. मग तिची हनुवटी थरथरायला लागली. वाफ्याचं लक्ष आपल्या मोबाइलच्या चौकटीवर, मावशी उजवीकडं सरकतेय का, उजेड बरा आहे का. ती पडद्याला काहीतरी पुटपुटली आणि ढसाढसा रडली, पदर तोंडात कोंबून.

"झालं काय?" वाफ्यानं विचारलं.

"काही नाही. डोळ्यांवर ताण येतो सुईचा," मावशी म्हणाली आणि डबा आवरला.

संध्याकाळी त्यानं व्हिडिओ कापला. मूळ आवाज काढून टाकला, त्यावर लग्नाच्या बँडचा बेसूर पिपाणीचा आवाज चढवला, आणि वर लिहिलं, "भाग इतका रटाळ की आमच्या मावशीला रडू कोसळलं." टाकला.

रविवारी उठला तर थोबाड माथ्यावर. लोक लोटपोट. कुणी मावशीच्या तोंडावर फुटक्या जहाजाचं चित्र चिकटवलं, कुणी तिच्या पुटपुटण्यावर आपले शब्द बसवले, "माझा डेटा परत द्या." ग्रुपाबाहेरही व्हिडिओ पळाला. वाफ्यानं आईला दाखवला. आई हसली नाही, पण त्याचं लक्ष वाढत्या बदामांकडं होतं.

त्यात एकानं खाली लिहिलं, "हा व्हिडिओ काढून टाक."

वाफ्या तापला. "का? रडली तर तुझं काय गेलं? तुझी आई आहे का?"

थोड्या वेळानं उत्तर आलं. "हो."

वाफ्या खाटेवर उठून बसला. त्या माणसाचा फोटो मोठा करून बघितला. बर्फात उभा, कानटोपी, आणि कानटोपीखाली मावशीचंच नाक. त्यानं व्हिडिओ काढून टाकला. पण तोवर तो ज्याच्या त्याच्याकडं पोचला होता, आणि पिपाणी कुठून कुठून वाजत होती.

सोमवारी तो लवकर गेला. ठरवलं होतं की मावशी आली की आधी सांगून टाकायचं. पण टेम्पोवाले काका, जे घरोघरी कपडे पोचवायचे, ते त्याच्या आधी हजर होते, आणि त्यांचा मोबाइल मावशीच्या हातात होता.

"गाजलीस की गं," काका म्हणत होते. "माझ्या सुनेनं दाखवला. म्हटलं, ही तर आमची रफूवाली."

मावशीनं चष्मा वर सारून बघितलं, शेवटपर्यंत. पिपाणी वाजली. काका तिचं तोंड बघून गठ्ठे उचलून निघून गेले.

"मावशी," वाफ्या म्हणाला, "मीच टाकला. चुकलं माझं. काढून टाकलाय आता."

"चार्जिंगला लावला होतास ना?"

वाफ्यानं हातातला मोबाइल खिशात घातला.

"मला वाटलं, आपण दोघं जहाज बघतोय," ती म्हणाली. "तू माझ्याकडं बघत होतास होय."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ओरडणाऱ्याशी कसं वागायचं ते वाफ्याला येतं. मावशीनं खुर्ची खिडकीकडं फिरवली आणि कामाला लागली. जेवायच्या सुट्टीतही ती तशीच पाठमोरी जेवली. त्या दिवशी तिनं लेकाच्या फोनचं काही सांगितलं नाही. वाफ्याला ते दुपारी लक्षात आलं आणि पायडलवरचा पाय तसाच राहिला, एका पँटची क्रीज जळता जळता वाचली.

आठवडा असाच गेला. वाफ्यानं तिच्या टेबलावर पाण्याची बाटली भरून ठेवली, तिचा दिवा पुसला, जड कोट स्वतः उचलून दिले. ती "ठेव तिथं" एवढंच म्हणायची. ग्रुपात तिच्या तोंडाचे फोटो फिरत होते, तिथं तो एकेकाशी भांडला. "आमच्या मावशीचं आहे, काढ." ते म्हणायचे, "तूच टाकलास ना बाबा." ज्यानं आयुष्यभर आपल्या माणसासाठी दुसऱ्याची कॉलर धरली, त्याला स्वतःची कॉलर धरता येईना.

शुक्रवारी मावशीच्या लेकाचा निरोप आला.

"तू तिच्यासोबत काम करतोस ना? मी शिव्या द्यायला लिहीत नाही. दिल्या असत्या, पण मला तरी काय तोंड आहे. माझ्या लग्नावरून आमचं वाजलं, तेव्हापासून आमचं बोलणं नाही. फोनसुद्धा नाही. एवढ्या दिवसांनी तिला बघितलं ते त्या व्हिडिओत. मूळ आवाज तू काढून टाकलास, म्हणून कळलं नाही. ती नेमकी कशावर रडली, तेवढं सांगशील?"

वाफ्यानं ते परत वाचलं. फोनसुद्धा नाही.

मग सोमवारी, दर सोमवारी, ती काय सांगत होती?

आणि दुसरी गोष्ट अशी की त्याच्या प्रश्नाचं उत्तर वाफ्याकडं नव्हतं. ज्या भागाला त्यानं जगभर शिव्या घातल्या तो त्यानं बघितलाच नव्हता. समोर टॅब चालू होता आणि हा चौकट सांभाळत बसला होता.

दुसऱ्या दिवशी जेवायच्या सुट्टीत त्यानं टॅब आपल्यापुरता लावला. मावशी पाठमोरी. भांडारी कोठारात बसलाय. त्याचा मुलगा दुसऱ्या जहाजावर. म्हातारा रोज यंत्रापुढं बसून मुलाला निरोप पाठवतो, कोठारात काय आलं, काय संपलं, गुडघा कसा आहे. उलट काही येत नाही. हे बघून मावशी रडली असणार, वाफ्याला वाटलं. पण त्याला आठवलं, त्या दिवशी इथवर तर ती जेवत होती, व्हिडिओत घास तोंडात जात होता. तो पुढं बघत गेला.

मग पांघरुणांसाठी लोकांची रांग लागते. रांगेतला एक पोरगा सहज विचारतो, "काय काका, मुलाचं काही कळलं का?" आणि भांडारी पांघरुणाची घडी घालत, हसऱ्या तोंडानं म्हणतो, "आला ना निरोप. कालच आला. मजेत आहे म्हणतो. थंडी आहे म्हणतो."

वाफ्यानं टॅब थांबवला. इथंच. इथंच तिचा घास हातात राहिला होता.

त्यानं मोबाइलमधला मूळ व्हिडिओ उघडला, पिपाणी लावायच्या आधीचा, आणि कानाला लावला. भांडाऱ्याचं वाक्य संपतं आणि मावशीचा आवाज येतो, अगदी बारीक. "असं नको रे सांगूस. सवय लागते."

प्रेस थंड पडला होता. मालक पुढून ओरडला, शर्ट झाले का. वाफ्या म्हणाला, होतायत.

आता लेकाला काय सांगायचं? नेमकी जागा कळली होती. एक वाक्य लिहिलं असतं तर त्याला सगळं समजलं असतं, की तुझी आई तुझे फोन मनानं रचते आणि आम्हाला सांगते. कदाचित तो विरघळला असता. वाफ्यानं लिहायला घेतलं, आणि अर्ध्यात थांबला. तिनं ते झाकून ठेवलं होतं. तिचं रडणं त्यानं एकदा न विचारता लोकांत नेलं होतं, आता तिचं खोटंही नेऊन द्यायचं, आणि वर म्हणायचं की तिच्या भल्यासाठी?

त्यानं लिहिलेलं पुसलं. "मला माहितीये, पण मी सांगणार नाही. ते तिलाच विचार. तिचा नंबर तोच आहे," एवढं पाठवलं. समोरून काही आलं नाही.

"काय बघतोस रे?" मावशीनं मान न वळवता विचारलं. आठवड्यात तिनं आपणहून बोललेलं हे पहिलंच.

"भांडाऱ्याचा भाग."

"रटाळ आहे असं लिहिलं होतंस ना?"

"बघितला नव्हता तेव्हा."

तिनं डब्याचं झाकण लावलं. तिचं काय काय त्याला कळलंय हे तिला माहीत नव्हतं, आणि ते पोटात घेऊन त्याला तिच्या पाठीकडंही बघवेना.

सोमवारी मावशी आली. पिशवी खुंटीला लावली. चष्मा पुसला, बसली, एक काळा कोट मांडीवर पसरला. मग म्हणाली, "काल लेकाचा फोन आला होता."

वाफ्यानं पायडल सोडला. वाफ निवली आणि खोली गप्प झाली. खरंच आला होता, की नेहमीसारखा? तिच्या तोंडावरून काही कळेना, आणि विचारायचं तोंड आपल्याला राहिलेलं नाही हे त्याला पक्कं माहीत होतं. त्यानं स्टूल ओढलं आणि तिच्यासमोर जाऊन बसला, हात रिकामे ठेवून.

"काय म्हणाला?"

मावशीनं त्याच्याकडं बघितलं, बराच वेळ. मग सुईत दोरा ओवला आणि सांगायला लागली.